तिसरा लाल शेरा

किस्सा सांगायला बसलो खरा, पण आधीच कबूल करतो, माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही. ही गोष्ट कोरोनाच्या आधीची की नंतरची, इथूनच घोळ आहे. आधीचीच असावी. कारण त्या काळी माणूस खोकला तर शेजारचा उठून जात नव्हता, उलट ‘आलं चघळा’ म्हणत जवळ सरकायचा. हिवाळा मात्र नक्की होता. त्याला देवाचा पुरावा आहे, तो पुढं येईल. बाकी कुठं चुकलो तर सांभाळून घ्या. मी किती मोठा गाढव ठरलो ते शेवटी कळणारच आहे, थोडं आधी कळलं तर काय बिघडलं?

तर मी डॉक्टर. एम.डी., त्यावर परदेशातली दोन प्रमाणपत्रं, आणि मेडिकल कॉलेजात तीसेक वर्षं पोरांना छातीचे रोग शिकवले. एवढं शिकून माणसाला काय मिळतं, सांगू? भीती! तुम्हाला खोकला आला तर तुम्ही म्हणता, खोकला आलाय. मला आला की डोळ्यांपुढं अठरा रोगांची यादी उभी राहते, तीही पुस्तकाच्या पान नंबरासकट.

निवृत्त होऊन लोहाऱ्याच्या बाजूला आमच्या मूळ गावी आलो. तिथं एका ट्रस्टचा चाळीस खाटांचा दवाखाना आहे. त्यांनी मला विचारलं, सर, आमच्याकडं ऊठसूट अँटिबायोटिक दिलं जातं, त्याला काही शिस्त लावता का? मला दुसरं काय पाहिजे होतं! मी तक्ता केला. साधी सर्दी, बसलेला घसा, छाती स्वच्छ असलेला खोकला : अँटिबायोटिक नाही. न्यूमोनिया असेल तर लगेच, पण मोजकंच आणि मोजकेच दिवस. बेडका पिवळा दिसला एवढ्यावरून घाबरायचं नाही. हे वाक्य मी जाड अक्षरात छापून घेतलं आणि तक्ता प्रत्येक तपासणीच्या खोलीत लावला.

शिवाय एक गुलाबी फॉर्म काढला. खोकल्याला अँटिबायोटिक द्यायचंच असेल तर डॉक्टरनं त्यावर कारण लिहायचं. कागद वाया जाऊ नये म्हणून फॉर्म पाठपोट छापलेला. पेशंटचं नाव कुठंच नाही, डॉक्टरचं नाव कोपरा दुमडून पिन मारून झाकलेलं. म्हणजे तपासणाऱ्याला कुणाची भीड नको. दर शनिवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर मी ते फॉर्म मोठ्यानं वाचायचो. कारण पटलं नाही तर लाल शाईनं शेरा, मग पिन काढून नाव बघायचं. पेशंट कोण होता हे कुणी, कधीही, कुणाला सांगायचं नाही. आणि नव्या डॉक्टरला तीन लाल शेरे मिळाले की त्याची कायम नेमणूक सहा महिने पुढं.

हे सगळे नियम कुणाचे? माझेच. नीट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडतील. मला पडले नाहीत.

त्या वर्षी आमच्याकडं डॉक्टर सारिका नावाची मुलगी होती. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली डॉक्टर. कायम झाली की दवाखान्याची दोन खोल्यांची जागा मिळणार होती. तिच्या वडिलांचे गुडघे गेलेले, कळपामागं चालवत नव्हतं. आई-वडिलांना तिथं आणायचं तिनं ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकाच्या खोलीत चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची तेसुद्धा तिच्या आईनं येऊन बघून ठेवलं होतं. पण सारिकाच्या नावावर दोन लाल शेरे आधीच पडलेले. एकदा लांबून चालत आलेल्या म्हाताऱ्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून गोळ्या दिल्या, आणि एकदा किती दिवस घ्यायच्या ते लिहायचं राहिलं. दोन्ही शेरे मीच दिले होते. तिसरा पडला तर चूल सहा महिने लांबणार, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं.

आणि अशात मला खोकला झाला.

पहिले दोन दिवस मी धीरानं काढले. असं मला आठवतं. आमच्या नलिनीताईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, तसं आठवत नाही. तिसऱ्या दिवशी बेडका पिवळा दिसला. मी तो बाटलीत धरून उजेडात बघितला, मग खिडकीशी नेऊन बघितला, मग तिला बघ म्हणालो. तिनं ‘मी ज्वारीचं पीठ मळतेय’ एवढंच उत्तर दिलं. पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो.

सारिकानं मला चांगलं पाव तास तपासलं. पाठीवरून, पुढून, बगलेतून. मग म्हणाली, छाती एकदम स्वच्छ आहे सर, ताप नाही, ऑक्सिजन उत्तम. गरम पाणी प्या, आठ-दहा दिवसांत जाईल. आणि मान वळवून तिनं हळूच भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? शाब्बास म्हणून उठायला पाहिजे होतं! पण मी म्हणालो की उजव्या बाजूला खाली मला बारीक आवाज येतोय. तिनं परत ऐकलं. नाही म्हणाली. मी तिच्या हातातून स्टेथोस्कोप घेऊन स्वतःच्या छातीला लावला आणि श्वास रोखून ऐकलं. श्वास रोखल्यावर काय ऐकू येणार? पण ते तेव्हा सुचलं नाही. शेवटी माझ्या आग्रहापुढं तिनं हात टेकले. नलिनीला बाहेर बोलावून काहीतरी समजावलं, फार्मसीतून गोळ्यांचं पाकीट दिलं आणि मी जिंकल्यासारखा घरी आलो.

घरी गोळ्यांचं खातं नलिनीकडं आहे. जुन्या पानाच्या डब्यात कप्प्याकप्प्यांत माझ्या गोळ्या असतात आणि ती सकाळ-संध्याकाळ वाटीत काढून देते. माझ्या हातात पाकीट दिलं की मी आतला कागद वाचतो आणि त्यावर लिहिलेले सगळे दुष्परिणाम दुपारपर्यंत मला होतात. तर वाटीत एक पांढरी मोठी गोळी वाढली. शुक्रवारी मला हुशारी वाटली. शनिवारी तर काय विचारता, छाती हलकी, डोकं साफ, अंगात बळ! मी मनाशी म्हणालो, बघा, आवाज होता की नाही?

एरवी शेरा लिहिताना मी अडखळतो. आपलंच चुकत असेल तर, असं दहा वेळा मनात येतं. त्या शनिवारी मात्र मी वाघ होतो.

चार-पाच फॉर्म बरे निघाले. मग एक निघाला. मी मोठ्यानं वाचायला लागलो. पुरुष, सत्तरीच्या पुढचा. पाच दिवस खोकला. ताप नाही. छाती स्वच्छ. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. मी थांबून सगळ्यांकडं बघितलं. कुणी वर बघेना. पुढं वाचलं. ‘रुग्ण उच्चशिक्षित आहे. दिवसातून अकरा वेळा ताप मोजतो. तपासणी चालू असताना स्वतःची नाडी धरून बसला होता. अँटिबायोटिकची गरज नाही हे तीन वेळा समजावले. कारण : रुग्णाचा आग्रह.’

मला हसूच आलं. मी म्हणालो, अकरा वेळा! अशा माणसाला औषध नको, दुसरा काहीतरी उद्योग द्या. आणि उच्चशिक्षित म्हणे. ही शिकलेली माणसंच सगळ्यांत अवघड.

कुणीच हसलं नाही. शेख सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. फार्मसीतला बब्रुवान टेबलाखाली चप्पल शोधत होता, ती त्याच्या पायातच होती. मला वाटलं, माझ्या कडकपणाचा दरारा.

मी लाल पेन काढलं आणि लिहिलं, ‘डॉक्टर कच्ची किंवा कच्चा, पेशंट भित्रा.’ पिन काढली. सारिका.

ती उभी राहिली. मी विचारलं, तुम्हाला नाही म्हणता येत नाही का?

“म्हणलं सर. तीनदा म्हणलं.”

“तक्ता दाखवायचा. मोठ्या सरांचा नियम आहे म्हणून सांगायचं.”

“दाखवला सर.”

“मग काय म्हणाला तो?”

सारिकानं शेख सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी खिडकी सोडली नाही.

“म्हणाले, तो तक्ता कुणी केलाय ते मला चांगलं माहीत हाय.”

“उद्धट माणूस आहे,” मी म्हणालो.

“न्हाय सर, माणूस चांगला हाय. घाबरलेले होते. सर, फॉर्मच्या मागच्या बाजूला मी...”

“आता सारवासारव नको, डॉक्टर. तिसरा शेरा आहे हा.”

ती बसली. आणि मी तो फॉर्म ट्रस्टच्या सचिवांच्या पिशवीत टाकला. सचिव म्हणजे आमचे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. ते त्या दुपारी खंडोबाला निघणार होते. रविवारची पूजा करून सोमवारी सकाळी थेट धाराशिवला जायचं होतं, विश्वस्तांच्या बैठकीला. तिथंच सारिकाच्या नेमणुकीचा निर्णय.

घरी येऊन जेवायला बसलो. भाकरी मोडता मोडता नलिनीला सगळं रंगवून सांगितलं. तिला असल्या गोष्टी आवडतात असा माझा समज आहे.

तिनं विचारलं, “वय किती म्हणालात त्या माणसाचं?”

“सत्तरीच्या पुढं.”

“खोकला किती दिवसांचा?”

“पाच.”

ती माझ्या ताटात आमटी वाढत होती. “उशीखाली थर्मामीटर ठेवतो का हो तो?”

“ठेवत असेल. अकरा वेळा ताप मोजतो म्हणजे... तुला कसं कळलं?”

तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर त्या बघण्याचा अर्थ विचारावा लागत नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, स्वतःलाच कसा ओळखला नाही? अहो, माझ्या आठवणीत त्या खोलीत बसलेला पेशंट एक शांत, धीरगंभीर, विचारी गृहस्थ होता. त्याची प्रकृती चिंताजनक होती आणि तो ती मोठ्या धैर्यानं सोसत होता! फॉर्मवरचा नाडी धरून बसलेला म्हातारा भलताच कुणीतरी होता. आणि ती पोरगी नियमाला जागली. पेशंट कोण ते सांगायचं नाही, तर नाही सांगितलं. माझ्या तोंडावर, माझाच शेरा खाऊन.

आमटी तशीच टाकून मी उठलो. गुरुजींचा फोन लागेना. देवाला जाताना ते मोबाईल घरी ठेवतात. सोमवारपर्यंत थांबणं मला जमणार नव्हतं. माझं काळीज थांबलं असतं, आणि त्यालाही कुणीतरी अँटिबायोटिक दिलं असतं.

काळी-पिवळी जीप धरली आणि खंडोबाच्या अणदूरला निघालो. पळापळीनं खोकला पुन्हा उसळला. शेजारी माकणीची एक म्हातारी होती. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “काका, लई खोकू लालाव. ह्या घ्या दोन गोळ्या. आमच्या नातवाच्या उरल्यात्या.” आणि कनवटीतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून बघितलं. आमच्याच दवाखान्याचं. वर शिक्का, ‘डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, दुसऱ्यास देऊ नये.’ शिक्क्यातली वाक्यं माझी.

मी तिला म्हणालो, आजी, असं दुसऱ्याचं औषध घेऊ नये.

“व्हय, तसं तिथल्या भिताडावर लिवलंय म्हणं. कोण तर लई शिकलेलं म्हातारं हाय, सारखं लिवतंय.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नळदुर्गचा किल्ला आला, मागं गेला. अणदूरला उतरलो, खोकत खोकत देवळापाशी पोचलो. तर देऊळ शांत. पायरीवर एक गडी शेंगा फोडत बसला होता. गुरुजी दिसले का, विचारलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“देव नळदुर्गाला हाय, तुमी इथं कशाला आलाव?”

सांगितलं होतं ना, हिवाळ्याचा पुरावा आहे म्हणून? आमचा खंडोबा वर्षातले दहा महिने अणदूरला आणि थंडीतले दोनेक महिने नळदुर्गला मुक्कामाला असतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला तर आजोबांच्या खांद्यावर होतो तेव्हापासून माहीत.

“कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“इथलाच. लोहाऱ्याकडचा.”

“इथलं, आन् देव कुठं हाय ते ठावं न्हाय.” त्यानं एक शेंग माझ्या हातावर ठेवली. दया आली असावी.

आलो त्याच रस्त्यानं परत नळदुर्ग. गुरुजी देवळाबाहेर कट्ट्यावर बसलेले, कपाळभर भंडारा, शेजारी ती पिशवी. मी धापा टाकत म्हणालो, गुरुजी, तो तिसरा शेरा काढायचा आहे.

“का बरं?”

गर्दी होती. दोन बाया नारळ फोडायला थांबलेल्या, त्याही ऐकायला लागल्या. मी आवाज बारीक केला.

“तो पेशंट मी आहे.”

“अं? मोठ्यानं बोला, वाघ्या गातोय.”

“तो भित्रा पेशंट मी आहे!” नेमका वाघ्या तेव्हाच थांबला.

गुरुजींनी शांतपणे पिशवीतून फॉर्म काढला. “ते सगळ्या दवाखान्याला माहीत आहे, सर. मी सोमवारपर्यंत थांबणार होतो. म्हणलं, बघावं, तुम्हाला कळतंय का.”

“आणि नसतं कळलं तर?”

“तर विश्वस्तांना मीच सांगितलं असतं. पण मग तुमच्याबद्दल माझं मत बदललं असतं. आता खोडा. आणि कारण लिहा. तुमचाच नियम आहे.”

त्यांच्या हाताचा भंडारा कागदाला लागून तो निम्मा पिवळा झालेला. मी गुडघ्यावर धरून शेरा खोडला आणि खाली सहीनिशी लिहिलं, ‘कारण : तपासणाऱ्याची चूक. रुग्ण तोच.’ एका बाईनं वाकून वाचलं आणि दुसरीला म्हणाली, सही बी तेचीच हाय बग.

सोमवारी सारिका कायम झाली. महिन्याभरात तिचे आई-वडील राहायला आले, चूल ठरल्या कोपऱ्यात मांडली गेली. मी जाऊन तिची माफी मागितली, तर ती म्हणाली, सर, खोकला कसा हाय? बास, एवढंच.

आता वाटेल किस्सा संपला. पण माझ्या मनात एक काटा राहिला होता, तो मी कुणालाच सांगितला नाही. तक्ता, शेरे, भाषणं सगळं ठीक. पण मी बरा कशानं झालो? त्या गोळ्यांनीच ना! दोन दिवसांत छाती हलकी झाली होती, मी स्वतः अनुभवलं होतं. पुढं कैक वर्षं मी लोकांना सांगत राहिलो, साध्या खोकल्याला अँटिबायोटिक लागत नाही. आणि दर वेळी आतून कुणीतरी म्हणायचं, तुला कसं लागलं मग? म्हणजे तक्ताच चुकला असेल? की छाती ऐकण्यात त्या पोरीची चूक झाली असेल, आणि माझ्या कानांची नव्हे? असा मी.

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यातलं माझं कपाट रिकामं करायला बसलो. जुन्या गुलाबी फॉर्मच्या गठ्ठ्यात एक पिवळा निघाला. ओळखीचाच. हसत हसत शेरा वाचला, आणि जन्मात पहिल्यांदा तो फॉर्म उलटा केला.

मागं सारिकाचं अक्षर. ‘गोळ्या रुग्णाच्या हाती दिल्या नाहीत. घरच्या जबाबदार व्यक्तीकडे दिल्या. ताप आला किंवा दम लागला तरच सुरू करणे.’ त्याखाली आठवड्यानंतरची ओळ, बब्रुवानची. ‘पाकीट न उघडता परत मिळाले.’ आणि परत करणाऱ्याची सही : नलिनी.

घरी येऊन विचारलं, मग मला वाटीत काय देत होतीस?

“कॅल्शियम. तुमचंच. सकाळी एक घेत होतात, संध्याकाळी अजून एक दिली.”

“इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

तो कागद मी आता घरी आणून ठेवला आहे. खोडलेला असला तरी शेरा वाचता येतो, ‘डॉक्टर कच्ची किंवा कच्चा, पेशंट भित्रा.’ पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू नीट वाचून खात्री करून घेतली. शेरा अर्धा बरोबर होता.